मळणी यंत्राच्या ॲपसाठी सहा महिने कोडिंग शिकावं का?

प्रश्न विचारणारा पोरगा परभणीकडचा आहे, बीकॉम झालाय, घरी ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र आहे. शेतकऱ्याला मळणी यंत्र नाहीतर हार्वेस्टर मोबाईलवरून बुक करता यावं असं ॲप त्याला काढायचंय. कोडिंगचा गंध नाही. पुण्यातला एक क्लास ६ महिन्यांचे ८० हजार मागतोय, एका एजन्सीनं ४ लाखांचं कोटेशन दिलंय, आणि एक इंजिनिअर मित्र म्हणतोय निम्मी पार्टनरशिप दे, मी बनवतो. आणि विचारलंय असं की दादा, स्टार्टअप काढायचं तर बेसिक कोडिंग शिकलंच पाहिजे का, का पैसे टाकून करून घ्यावं?

मी संभाजीनगरला छोटं सॉफ्टवेअरचं काम चालवतो, आडत दुकानं, कृषी सेवा केंद्रं, क्लासेसवाले, पतसंस्था अशी आमची गिऱ्हाइकं, आणि तुझ्यासारखी बरीच पोरं "सर एक आयडिया आहे, ॲप करून द्या" म्हणत येतात. त्यांचं काय होतं ते बघून जे मत झालंय ते सांगतो. हो, शीक. पण सगळं सोडून ६ महिने पुण्याला जाऊन शिकू नको, आणि अख्खं ॲप आपणच बनवायचं ह्या हिशोबानं तर मुळीच नको. तुला कोडिंगचा जो मोठा फायदा आहे तो वेगळाच आहे, आणि क्लासवाले तो सांगत नाहीत कारण त्याचं सर्टिफिकेट देता येत नाही.

तुझे तिन्ही पर्याय बघ. क्लास, एजन्सी, मित्र. तिन्हीत तू एक गोष्ट धरून चाललायस की काय बनवायचं ते ठरलंय, आता फक्त कोण बनवणार एवढाच प्रश्न राहिलाय. माझा अनुभव असा की पहिल्यांदा येणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं काय बनवायचं तेच ठरलेलं नसतं, आणि त्यांना ते माहीत नसतं, कारण "शेतकरी यंत्र बुक करेल, मालकाला मेसेज जाईल" हे वाक्य ऐकायला पूर्ण वाटतं. कॉम्प्युटरला सांगायला बसलं की ते वाक्य फाटतं.

तुझंच उदाहरण घेऊ. फॉर्मवर पहिला रकाना काय? रान किती. शेतकरी सांगतो "एक एकर वीस", म्हणजे १ एकर २० गुंठे, आणि आपल्याकडं सगळे ते वहीत १.२० असं लिहितात. आता हेच १.२० तू गूगल शीटमध्ये टाक. पहिलं म्हणजे शीट शेवटचा शून्य खाऊन त्याचं १.२ करते, आणि दुसरं म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी १.२ एकर म्हणजे १ एकर ८ गुंठे, कारण एकराचे गुंठे ४०. बारा गुंठे गेले हवेत. हार्वेस्टरला समज एकरी २ हजार भाव धरला तर एका बिलात ६०० रुपयांचा फरक, आणि हंगामात असे किती शेतकरी. आणि कुणी १.५ लिहिलं तर ते दीड एकर का एक एकर पाच गुंठे, हे तर त्या शेतकऱ्यालाच फोन करून विचारावं लागेल. उपाय सोपा आहे, एकराचा एक रकाना आणि गुंठ्याचा वेगळा, नाहीतर सगळंच गुंठ्यात ठेवायचं, ६० गुंठे. पण हे एजन्सीतल्या पुण्या-मुंबईच्या पोराला कुठून कळणार? त्यानं एकर म्हणून एक नंबर घेतला आणि दशांश चालू ठेवला, त्याची काही चूक नाही, तू सांगितलंच नाहीस. आणि तू सांगितलं नाहीस कारण तुला लहानपणापासून ते इतकं माहितीये की ते सांगायची गोष्ट आहे असंच वाटलं नाही.

पुढं चल. भाव. हार्वेस्टरला एकरावर, मळणी यंत्राला कट्ट्यावर नाहीतर क्विंटलवर. म्हणजे मळणीचं बिल बुकिंगच्या वेळी काढताच येत नाही, माल निघाल्यावरच कळणार. कट्टा किती किलोचा धरायचा? डिझेल कुणाचं? वरची माणसं यंत्रवाल्याची का शेतकऱ्यानं लावायची? मग तारीख. सोयाबीन काढून गंजी लावलीय, ४ तारखेचं बुकिंग आहे, ३ ला रात्री परतीचा पाऊस आला, गंजी ताडपत्रीखाली. आता ४ चं बुकिंग रद्द झालं, का पुढं ढकललं? ढकललं तर ५ तारखेला ज्याचं बुकिंग आहे त्याला मागं सारायचं, का ह्याला सगळ्यात शेवटी टाकायचं? आणि सगळ्यात अवघड गोष्ट तर तुझ्या वडिलांना विचार, यंत्र काही बुकिंगच्या क्रमानं फिरत नाही, एका शिवारात शिरलं की शेजारच्या चौघापाचांचं उरकूनच बाहेर निघतं. ज्यानं सगळ्यात आधी बुक केलं पण रान ८ किलोमीटरवर आहे आणि एकच एकर आहे, त्याच्याकडं मालक आधी जाणार नाही म्हणजे नाहीच, ॲपनं कितीही नोटिफिकेशन पाठवू दे.

हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. कोडिंग शिकताना पहिल्या महिनाभरात जे डोक्यात बसतं ते हेच, की प्रत्येक गोष्टीला "असं झालं तर काय" विचारायचं, आणि एका गोष्टीची माहिती एकाच ठिकाणी ठेवायची. शेतकऱ्याचा एक तक्ता, यंत्राचा एक, बुकिंगचा एक, आणि बुकिंगची अवस्था: विचारलंय, ठरलंय, पुढं ढकललंय, झालंय, पैसे आलेत. एवढं कागदावर नीट उतरवता आलं की अर्ध्यापेक्षा जास्त काम झालं असं समज. मग ते कोड कुणीही लिहो, एजन्सी, मित्र नाहीतर एआय. ज्याला हे येतं त्या गिऱ्हाइकाबरोबर आमची बैठक तासाभरात संपते, ज्याला येत नाही त्याच्याबरोबर तीन महिने "सर मला असं नव्हतं म्हणायचं" चालू राहतं आणि दर वेळी बिल वाढतं, आम्ही फुकट थोडीच बदलून देणार.

आता ज्याला कोडिंग उत्तर देत नाही ती गोष्ट. सोयाबीनची मळणी आपल्याकडं सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, तेवढ्या दिवसांत सगळ्यांना एकदमच यंत्र पाहिजे, कारण वाळलेल्या शेंगा तडकतात आणि वरून पावसाचं भ्या. त्या दिवसांत यंत्रमालकाला गिऱ्हाईक कमी आहे का? त्याचा फोन गरम होऊन बंद पडतो. मग तो तुला कमिशन कशाला देईल? आणि बाकीच्या महिन्यांत यंत्र शेडमध्ये उभं असतं तेव्हा शेतकऱ्याला ते नकोय. ॲपनं नवीन यंत्र तयार होत नाही. मग तुझा पैसा कुठून येणार, हंगामात दुसऱ्या जिल्ह्यात यंत्र हलवून देण्यातून, का मालकाच्या उधारीच्या वसुलीतून, का एका शिवारातले शेतकरी आधीच गोळा करून यंत्राची फेरी आणि डिझेल वाचवण्यातून? मला शेवटचं पटतं, पण माझं पटणं काय कामाचं, पाच यंत्रमालकांना विचारायला पाहिजे.

बसची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या रेडबसचं उदाहरण ह्यात लई शिकण्यासारखं आहे. २००६ साली बंगळूरला सुरू झालेली कंपनी, फणींद्र सामा आणि त्याचे मित्र, बिट्स पिलानीचे इंजिनिअर. दिवाळीला गावी जायचं बसचं तिकीट मिळेना म्हणून डोक्यात आलं. त्यांनी आधी बसमालकांसाठी सॉफ्टवेअर तयार केलं, आणि बसमालकांना त्यात काही रस नव्हता. मग त्यांनी प्रश्न उलटा केला, सॉफ्टवेअर नका घेऊ, थोड्या सीटा द्या, आम्ही विकून दाखवतो. तिथून गाडी चालू झाली आणि २०१३ ला कंपनी विकली गेली. कोड लिहिता येणाऱ्या माणसांनासुद्धा बसमालकाच्या ऑफिसात जाऊन बसल्याशिवाय कळलं नाही. तुझं बरंय, तुझ्या घरातच एक यंत्रमालक जेवायला बसतो.

"मोठ्या कंपन्या काढणाऱ्यांना कोडिंग येत होतं का" असं पण विचारलंयस. दोन्ही प्रकारची उदाहरणं सापडतात म्हणून त्यातून काही सिद्ध होत नाही. फ्लिपकार्टचे दोघं बन्सल आयआयटी दिल्लीचे, कोड लिहिणारेच. शेअर ब्रोकिंगवाल्या झिरोधाचा नितीन कामत मूळचा ट्रेडर. राहायला घरं-खोल्या भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या तिघांत दोघं डिझाइन शिकलेले आणि तिसरा इंजिनिअर. ज्याला जे येत होतं त्यानं ते केलं आणि उरलेल्यासाठी माणूस जवळ ठेवला, एवढंच.

हे परिस्थितीवर पण आहे बघ. तुझा धंदा मुळात माणसं, यंत्रं, तारखा, उधारी ह्यांचा आहे, सॉफ्टवेअर त्याला मदतीला. अशा धंद्यात मालकाला बेसिक कोडिंग पुरतं. पण उद्या तू म्हणालास की मोबाईलच्या फोटोवरून सोयाबीनचा ओलावा सांगणारं काहीतरी काढायचंय, कारण हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची अट लागते आणि तिथं शेतकरी अडकतो, तर मग विकायची वस्तूच तंत्रज्ञान झाली. तिथं बेसिकनं भागत नाही, त्यातला मुरलेला माणूस पहिल्या दिवसापासून भागीदार पाहिजे. हा फरक न करता "फाउंडरला कोडिंग आलंच पाहिजे" किंवा "काही गरज नाही" असं सांगणाऱ्यांचं ऐकू नको.

आता एआयचं. तू लिहिलंयस की "आता एआयच कोड लिहितो मग शिकायचं कशाला". आमच्या ऑफिसात पण सगळे वापरायलेत, मी पण. २०२५ च्या सुरुवातीला एआयमधला नावाजलेला माणूस आंद्रे कारपथी, त्यानं ह्याला व्हाइब कोडिंग असं नाव दिलं, म्हणजे कोड न वाचता नुसतं सांगत जायचं आणि चालतंय का बघायचं. दाखवायच्या नमुन्याला हे झकास आहे, तुझं बुकिंगचं पान एका संध्याकाळी उभं राहील. पण पुढं काय होतं ते सांगतो. एक ओळखीचा मुलगा असंच ॲप घेऊन आला, माहिती ठेवायला फायरबेस, गूगलची ऑनलाइन डेटाबेसची सेवा. पहिल्यांदा करताना टेस्ट मोड निवडला जातो, त्यात ३० दिवस कुणीही वाचू-लिहू शकतं आणि मग आपोआप कुलूप लागतं. महिनाभरानं ॲप एकदम बंद. ह्यानं एआयला एरर चिकटवली, त्यानं दिलेली ओळ टाकली, ॲप चालू झालं, पोरगा खूश. त्या ओळीनं कुलूप कायमचं काढलं होतं. शेतकऱ्यांची नावं, मोबाईल नंबर, गट नंबर, सगळं बाहेरच्या कुणालाही वाचायला आणि पुसायला मोकळं. ती ओळ काय म्हणतेय एवढं वाचता येण्यापुरतं कोडिंग ज्याला येतं त्याला ते दहा सेकंदात दिसलं असतं. आणि २०२३ च्या डेटा संरक्षणाच्या कायद्यानुसार लोकांचे नंबर सांभाळायची जबाबदारी तुझ्यावर येते, एआयवर नाही. म्हणून एआय आल्यावर लिहायला शिकायची गरज कमी झाली असेल, वाचायला शिकायची वाढलीय.

एजन्सीचं कोटेशन. ४ लाख जास्त का कमी हे मी न बघता सांगत नाही, पण एक तर नक्की की आत्ता देऊ नको, कारण वर जे प्रश्न लिहिले त्यांची उत्तरं नसताना दिलेले पैसे म्हणजे आधी चुकीचं बनवायचे आणि मग बरोबर करायचे. आणि जेव्हा देशील तेव्हा दोन गोष्टी बघ ज्या लोक हमखास विसरतात.

एक, खाती कुणाच्या नावावर. डोमेन, सर्व्हर, कोड ठेवायचं गिटहब आणि प्ले स्टोअरचं डेव्हलपर खातं, चारही तुझ्या ईमेलवर, तुझ्या मोबाईलवर, एजन्सीला नुसता आत यायचा परवाना द्यायचा. प्ले स्टोअरच्या खात्याचे २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, काही फार नाहीत. आमच्याकडं नांदेडकडचे एक क्लासवाले आले होते, ॲप त्यांच्या नावाचं, लोगो त्यांचा, पण खातं डेव्हलपरचं, आणि तो डेव्हलपर फोन उचलेना. काही करता आलं नाही. तेच ॲप नवीन खात्यावरून नवीन म्हणून टाकावं लागलं, जुनं अपडेट होत नाही, पोरांना एकेकाला काढून परत घ्यायला लावलं, जुने रेटिंग गेले. हे टाळायला कोडिंग नाही लागत, पण ह्या चार वस्तू वेगवेगळ्या असतात आणि कुठली कशाला लागते हे माहीत असावं लागतं, ते बेसिक शिकताना आपोआप कळतं. जाता जाता, तू स्वतःच्या नावानं नवीन खातं काढशील तर ॲप सगळ्यांना खुलं करायच्या आधी किमान १२ जण सलग १४ दिवस त्याच्या टेस्टिंगमध्ये सामील असले पाहिजेत असा गूगलचा नियम आहे, म्हणून हंगामाच्या तोंडावर जागा होऊ नको.

दोन, कोडची मालकी. लोकांना वाटतं पैसे दिले म्हणजे कोड आपला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यात मोडतो, कविता-कादंबरीच्या पंगतीला, गंमत आहे पण तसं आहे. पगारी माणसानं नोकरीत लिहिला तर मालकी मालकाची, पण बाहेरच्यानं लिहून दिला तर लेखी हस्तांतरण झाल्याशिवाय मालकी लिहिणाऱ्याकडंच राहते. आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. करारात हस्तांतरण, मुदत आणि प्रदेश तिन्ही स्पष्ट लिहून घे, वकिलाला दाखव.

मित्राचं थोडक्यात. मित्र चांगला असेल, असू दे. पण ॲप बनवलं म्हणून पहिल्याच दिवशी निम्मी कंपनी देऊ नको. हिस्सा टप्प्याटप्प्यानं मिळेल असं ठेव, स्टार्टअपमध्ये ४ वर्षांचं व्हेस्टिंग आणि पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काहीच नाही अशी पद्धत आहे, ती वाईट वाटून घ्यायची गोष्ट नाही, तुलाही तीच लागू कर. उद्या त्याला पुण्यात २० हजार जास्तीची नोकरी लागली तर निम्मी कंपनी घेऊन तो हिंजवडीत बसेल आणि तू इथं यंत्राचा पट्टा बदलत असशील.

मग शिकायचं काय आणि किती. पहिलं शीट. हसू नको, गूगल शीट नीट येणारा माणूस दुर्मीळ आहे. वरचे तीन तक्ते त्यात कर, एका तक्त्यातलं नाव दुसऱ्यात आपोआप यायला पाहिजे, गाव निवडलं की त्या गावातल्याच बुकिंगा दिसल्या पाहिजेत. हे करताना डेटाबेस म्हणजे काय ते न शिकता समजतं. मग थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा. मग एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट, वेबपान बनवायला लागतात त्या, एवढंच की एक फॉर्म तयार करून त्यातली माहिती तक्त्यात पडेल. पायथन का जावास्क्रिप्ट ह्या वादात आठवडा घालवू नको, कुठलंही चालतं. फुकट भरपूर आहे, हार्वर्डचा सीएस फिफ्टी नावाचा कोर्स आहे, सरकारच्या स्वयम पोर्टलवर आपल्या आयआयटीवाल्यांचे कोर्स आहेत, आणि तू इंग्रजीची भीती लिहिलीयस म्हणून सांगतो, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर बरेच धडे मराठी आवाजात मिळतात. रोज दीड-दोन तास, घरचं काम सांभाळून, तीन-चार महिने. कोर्समधले कॅल्क्युलेटर आणि टू-डू लिस्ट सोडून दे, प्रत्येक धडा आपल्या बुकिंगच्या तक्त्यावर करून बघ, नाहीतर दोन महिन्यांत कंटाळून सोडशील, सगळे सोडतात.

आणि हे शिकणं चालू असतानाच, संपल्यावर नाही, येत्या हंगामात ॲप नसताना धंदा करून बघ. घरचं एक यंत्र आणि ओळखीची दोन-तीन, एक व्हॉट्सॲप बिझनेसचा नंबर, पैसे यूपीआयवर, आणि मागं तुझी शीट. शेतकरी ॲप उघडून तारीख निवडणार नाही, तो फोन करणार आणि "यंत्र कधी येतंय" विचारणार, ते तूच शीटमध्ये भर. कुठं सारखं हात दुखायला लागतो ते लिहून ठेव. माझा अंदाज आहे की बुकिंगपेक्षा "यंत्र आत्ता कुठंय" हे सांगण्यात आणि उधारी लिहिण्यात तुझा वेळ जाईल, तसं असेल तर पहिलं ॲप त्याचं व्हायला पाहिजे, बुकिंगचं नाही. पण हा अंदाज आहे, तुझ्या भागात वेगळं निघेल.

८० हजारांच्या क्लासला मी वाईट म्हणत नाही. ज्याला डेव्हलपर म्हणून नोकरी पाहिजे आणि घरी बसून शिस्त लागत नाही त्याला तो बरा. तुला नोकरी नकोय. त्यातले थोडे पैसे हंगामातल्या डिझेलला आणि एखाद्या पोराला दोन महिने फोनवर बसवायला ठेव, थोडे बाजूला. संभाजीनगरला आलास तर मॅजिकच्या लोकांना पण भेट, उद्योजकांनी उभी केलेली इन्क्युबेशनची, म्हणजे नव्या धंद्यांना हात देणारी संस्था आहे, तिथं तुझी आयडिया उलटसुलट विचारणारी माणसं भेटतील, आणि तुला आत्ता तीच पाहिजेत.

शीट झाली की रकाने काय काय ठेवलेस ते मला लिहून पाठव, बघून सांगतो. आणि त्यात यंत्र भर हंगामात बंद पडलं, सुटा भाग जालन्याहून यायला दोन दिवस लागणार, तर त्या दोन दिवसांच्या बुकिंगांचं काय करायचं, हे कुठं लिहिणार आहेस ते आधी ठरव.